कविताचा राहिलेला पेपर

३ नोव्हेंबर
"सुजे, तू पास झालीस त्याचा मला काय फायदा?" कविता, फोनवर. हसत विचारलं.

तिला दिसत नाही. परीक्षेत ती सांगते, मी लिहिते. दोन वर्षं असंच. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो, आणि मी तिच्या एक वर्ष मागे होते, म्हणून चालले. मग तिच्या शेवटच्या वर्षी तिचा इतिहासाचा आणि माझा एक पेपर एकाच दिवशी, एकाच वेळी. मी माझा दिला. तिचा राहिला, पुढच्या वर्षीही तसाच. त्या एकावर तिची पदवी अडलीय. आता १४ तारखेला. जुना अभ्यासक्रम बंद होतोय, यानंतर संधी नाही.

५ नोव्हेंबर
लेखनिक म्हणून माझंच नाव द्यायला कॉलेजात गेले. परीक्षा विभागातले बाबू म्हणाले, "तुमी आता ग्रॅज्युएट. चालत न्हाई."
मी अर्ज तरी पुढे सरकवला.
"पेढे खाल्ले की तुमचे!"
खरंय. निकालाच्या दिवशी मीच टेबलाटेबलावर वाटले. घरातली पहिली पदवी.
लेखनिकांची यादी मागितली. दिव्यांग कक्षाला पाटी आहे, आत मोडकी बाकं रचलीत. "यादी कशाची? खालच्या वर्गाची पोरं आपापल्या पेपरात. बारावीवालं कुणी बघा तुमच्याकडचंच."

८ नोव्हेंबर
ज्योतीवहिनी बारावी आहे. तयार झाली. कविता आईला घेऊन तांड्यावरून जीपने आली. सराव. कविता सांगत राहिली, वहिनी मागे पडत राहिली. तासात दीड पान. मग पेनच खाली ठेवलं.
"लग्नापासून सहीबिगर काही लिवलंच न्हाई गं मी."
कविताने चाचपून तिचा हात धरला. "बोटं दुखून राहिली का, वैनी?"
मी चहा ठेवायला उठले. दुसरं काय करणार.

१० नोव्हेंबर
चार घरी विचारलं. चारही नाही. एका काकू म्हणाल्या, "पेपर बिघडला तर नाव आमच्या पोरीचं." विद्यापीठाला मेल केला, उत्तर नाही. कविताचे वडील फोनवर, थकलेले: "जाऊ द्या बाई. शिकली तेवढं लई झालं." तीन वर्षं अभ्यास केला तिने, ऐकून ऐकून.
संध्याकाळी बाबा ओट्यावर कुणाला तरी सांगत होते, "आमची सुजाता ग्रॅज्युएट हाय." मला आत तोंड लपवावंसं...

१२ नोव्हेंबर
कविताला सगळं स्पष्ट सांगितलं: पदवी लपवून मीच लिहायला बसेन. केंद्र कळमनुरीला, तिथं मला कुणी ओळखत नाही. पण धरलं तर पेपर तिचा रद्द होईल, माझी पदवी तशीच राहील.
तिने चाचपून माझा उजवा हात धरला.
मग: "म्हंजे आता तू माझ्याहून कमी शिकलेली. मी सांगीन तेच लिवायचं, बराबर?"
ती हसली. मला जमलं नाही.

१३ नोव्हेंबर
कळमनुरीला जाऊन आले. बाबांना सांगितलं नाही. उद्या दहाला पेपर.
केंद्रावर लेखनिकाचा फॉर्म भरला. सोबत बारावीची गुणपत्रिका. ती काही खोटी नाही. खाली छापलेलं, वरील माहिती सत्य आहे. टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, "पुढं शिकली न्हाईस का गं?"
नाही म्हणाले.
शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं, बारावी पास. सही केली. त्यांनी शिक्का मारला.