पिल्लू उडाल्याशिवाय निघता येत नाही

भद्रावती,
जूनचा पहिला आठवडा

आदरणीय रुखमाबाईस,
धाकट्या नागसेनचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत आणि भाऊजींचा खोकला उतरला का, ते कळव. इकडे आम्ही बरे आहोत, म्हणजे नंदिनी बरी आहे आणि माझ्या टाळूवर जागोजागी हळद लावलेली आहे. फोन करायचा सोडून पत्र लिहितो म्हणून रागावू नकोस. फोनवर तू ‘कधी निघता?’ एवढंच विचारतेस, आणि मी ‘बाई, ऐक तर’ म्हणेपर्यंत ठेवून देतेस. कागदावर तुला माझं पूर्ण ऐकावं लागेल.

मी रिटायर झालो, क्वार्टर सोडायचं, आणि नागभीडला तू घरामागे आमच्यासाठी बांधलेल्या दोन खोल्यांत राहायला यायचं, हे सगळं ठरलेलं होतं आणि आजही ठरलेलंच आहे. (सामान बांधायला आलेल्या तुझ्या कुलदीपने तुला फोनवर ‘मामाचा विचार बदलला’ असं सांगितलं असेल तर ते खोटं. पोराला उन्हाने चक्कर आली होती.) मागच्या रविवारी सामान बांधून झालं होतं. सामान न्यायला छोटा हत्ती टेम्पो फाटकाशी येऊन उभा होता. मी म्हटलं, जाता जाता बागेतली गुलाबाची कुंडी उचलून घ्यावी. तर कडुलिंबाखाली काळा मोजा पडलेला दिसला. जवळ गेलो, तर मोज्याने तोंड उघडलं. आतून लालभडक. कावळ्याचं पिल्लू होतं, बाई. उन्हाने धापा टाकत होतं, अंगावर पिसं आलेली पण शेपूट अर्धीच.

आता अशा वेळी माणसाने काय करावं? आपल्या माय-बापाने आपल्याला काय शिकवलं? मी दुपट्ट्यात गुंडाळून त्याला उचललं. घरट्यात ठेवून द्यावं, एवढाच हेतू. नंदिनी खिडकीतून ओरडली, “उचलू नका त्याले! त्याचे मायबाप वरतीच बसून आहेत.” हे तिने आधी सांगायला हवं होतं. तोवर बाप (की माय, ते मागून कळत नाही) माझ्या टाळूवर चोच मारून गेला होता. मी पिल्लू खाली ठेवलं आणि पळालो. शेजारचा प्रवीण कुंपणावरून म्हणाला, “भाऊ, माणसाचा हात लागला ना, आता माय घेत नाई त्याले.” हे ऐकून माझं अन्न गोड लागेना. आपल्या हातून एका लेकराची माय तुटली, या विचाराने मी तासभर या खिडकीतून त्या खिडकीत येरझारा घालत होतो. शेवटी माय आली, तिने पिल्लाच्या तोंडात काहीतरी कोंबलं, आणि उडताना माझ्या खिडकीच्या गजावर चोच आपटून गेली. म्हणजे पिल्लाला घेतलं होतं, मलाच टाकलं होतं.

पण गाडीचं काय, असं तू विचारशील. झाडू नावाचा हमाल आणि त्याचा जोडीदार कपाट घेऊन बाहेर निघाले. मी मागून ‘सावकाश, आरसा आहे’ म्हणत चाललो होतो. कावळे माझ्यासाठी आले, पण माझ्या आधी कपाट होतं आणि कपाटाखाली झाडू होता. त्याने कपाट अंगणात टेकवलं आणि मला विचारलं, “साहेब, तुमच्यावर काऊन चिडून आहेत जी हे? काही मागचं आहे का?” ड्रायव्हरने काच वर केली, आणि थोड्या वेळाने गाडीच निघून गेली. कपाट प्रवीणच्या मदतीने आत घेतलं. कावळे प्रवीणला काही करत नाहीत. नंदिनीलाही नाही. ती त्यांच्याखालून कपडे वाळत घालते, ते बघत राहतात. मी दाराची कडी काढली की कॉलनीभर बोंब होते.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी तुला त्रास दिला नसता. पण मागच्या गल्लीतला बोका भिंतीवर येऊन बसायला लागला. तो पिल्लाकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. हाकलायला गेलो की कावळे बोका सोडून मलाच मारतात. मग मी हेल्मेट घालून जायला लागलो. या उन्हात, बाई, डोकं भांड्यात घालून शिजवल्यासारखं होतं. बाजूच्या बाया हसतात. आपला लालसू वनखात्यात आहे ना, पोंभुर्ण्याकडे, त्याला फोन लावला. तो बिचारा वाघाच्या मागे दोन दिवस झोपला नव्हता. “दादा, कुठी आहे? माणसावर हल्ला झाला का?” म्हणाला. मी म्हटलं, झाला, माझ्यावर. “वाघ का बिबट?” मी कावळा म्हणालो. मग तो म्हणाला, “पिसं आली असतील तर उडाले शिकून राह्यलं ते. राहू द्या तिथीच. बोक्याले सांभाळा अन् तुम्ही घरात बसा.” म्हणजे नंदिनी पहिल्या दिवशी जे म्हणाली तेच. (हे मी तिला सांगितलेलं नाही.)

तेव्हापासून घरात बसलो आहे, पण बसवत नाही. सगळं घर पोत्यांत. मीठ-तिखटाचा डबा कोणत्या पोत्यात गेला ते कळत नाही, म्हणून आम्ही नुसती खिचडी खातो, आणि पिल्लाची माय त्याच्यासाठी बाजारातून मासळीचा तुकडा आणते. सकाळी उठून डबा घ्यायला हात जातो, मग आठवतं की कारखान्यात जायचं नाही. मग खिडकी. पिल्लू दिसलं की बरं वाटतं, नाही दिसलं की पाणी पितो. आत्ता ते मेंदीच्या कुंपणात आहे. पंख फार कच्चे आहेत. अशा अवस्थेत त्याला बोक्याच्या हवाली करून आपण गाडीत बसून निघून जावं, हे तुलाही पटणार नाही. आठ-पंधरा दिवस तरी लागतील. जास्तही लागू शकतात.

भाऊजींना जयभीम. पत्र कुलदीपजवळ देतो आहे, त्याला उन्हात फिरू देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
नागसेन

ता. क. बाई, एक काम कर. नंदिनीला फोन करून सांग की मागच्या खोल्यांचं प्लास्टर अजून ओलं आहे, महिनाभर येऊ नका. क्वार्टर महिनाअखेरपर्यंत ठेवता येतं, मी विचारून आलो आहे. मी सांगितलं असं म्हणू नकोस. ती जायची फार घाई करून राहिली आहे.

आणखी एक ता. क. बाई, नंदिनीचा जयभीम. पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. ते पिल्लू बुधवारीच उडालं. बोक्याने झेप घेतली, तसे हे, हेल्मेट न घालताच, धावले आणि कुंडीवर पडले. पिल्लू आधी भिंतीवर गेलं, मग पाण्याच्या टाकीवर, मग दिसेनासं झालं. हे तिथंच मातीत बसून किती वेळ वर बघत होते. कावळे आले नाहीत. आत येऊन मला म्हणाले, मेंदीत लपलं आहे. मी बरं म्हटलं. तेव्हापासून रोज कुंपणाशी वाटीभर पाणी ठेवतात, आणि मी ते सांजेला झाडाला टाकते. प्लास्टरचं काही सांगू नकोस. सांगितलंस तर हे इथून रोज फोन करून वाळलं का विचारतील. गाडीसुद्धा नुसती पाठवू नकोस, परत जाईल. रविवारी तूच ये. तू समोर उभी राहिली की यांना नाही म्हणता येत नाही. मलेही येत नाही.