दोन्हीकडे एकोणपन्नास

रविवार, ९ मार्च
गॅरेजमधून, सकाळी दहा

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. साबणाने हात धुऊन लिहायला बसलो, तरी कागदावर ग्रीसचा अंगठा उमटलाच. तीच सही समज. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि बाबाही. तुझी भाची आता पाना आणि पक्कड बरोबर ओळखते आणि दोन्ही लपवून ठेवते.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या दवाखान्यात नवे डॉक्टर येणार, डोंगरातल्या वस्त्यांवर तेच जाणार, तर जीप त्यांनाच विकून टाकू. टायर, गिअर, अ‍ॅक्सल काय हवं ते कळव, असं तू लिहिलंस. तर ऐक.

टायर रुंद नकोत. दिसायला रुबाबदार, पण चिखलात नुसते तरंगतात. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. उंच आणि अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक जमिनीवर पाय टेकतो. बाजूची भिंत जाड हवी, तिकडचे दगड कुशीत टोचतात.

टायर उंच केला की गाडी चढावर धापा टाकते. मग अ‍ॅक्सलमधले दाते बदलायचे, म्हणजे चाक सावकाश फिरतं पण जोर लावतं. वेग कमी होतो. डॉक्टरांना फार घाई असेल तर त्यांनी बसने जावं.

आता अ‍ॅक्सल.

इथे मी चहा करायला उठलो. मग बाबांना पेपर वाचून दाखवला. मग कुणी सांगितलं नसताना गॅरेज झाडलं. अकरा वाजून गेलेत.

ताई, चारही चाकांना जोर लावणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल सारखाच लागतो. चाकाच्या दहा फेऱ्यांत, इंजिनाचा जोर अ‍ॅक्सलपर्यंत नेणारा पुढचा दांडा जितक्या वेळा फिरेल, तितक्याच वेळा मागचा फिरायला हवा. नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात आणि मागची दुसरंच. सपाट रस्त्यावर जोर मागच्याच चाकांना असतो, म्हणून काही कळत नाही. ओल्या उतारावर चारही चाकं जोडली की गाडी घसरते. मग चालवणारा कितीही तरबेज असो.

तुझा मागचा अ‍ॅक्सल खराब झाला तेव्हा मी भंगारातून दुसरा आणला होता. तू शेजारी उभी होतीस. “खुडबुड्या, मोजून घेतलास ना?” असं विचारलंस. मी म्हणालो, “अगं, त्याच गाडीचा आहे, डोळे मिटून बसवतो!” आणि खरंच डोळे मिटून बसवला. त्याच गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमध्येही दाते वेगळे असू शकतात, हे पाहिलंच नाही.

दोन महिन्यांनी तू डोंगरातल्या त्या ओल्या उतारावरून घसरलीस. जीप आडवी झाली, शेजारी बसलेल्या नर्सबाईंचा हात मोडला. दुसऱ्या दिवशी दुपारी जीप माझ्या अंगणात आली तेव्हा मी खडूने खुणा केल्या, चाकाचे दहा फेरे होईपर्यंत जीप ढकलली आणि दांड्यांचे फेरे मोजले. पुढे त्रेचाळीस. मागे एकोणपन्नास.

संध्याकाळी बाबा तुला म्हणाले, “तरी सांगत होतो, तो रस्ता तुझ्या आवाक्यातला नाही.” तू म्हणालीस, “माझंच चुकलं. ब्रेक उशिरा लावला असेल.” मी समोर बसून जेवत होतो. मूग गिळून गप्प बसलो, आणि वर म्हणालो, “होतं गं असं कधीकधी.”

त्यानंतर तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस, जीप माझ्याच अंगणात राहिली. वरच्या वस्त्यांवरचे लोक तुझ्याकडे चालत येतात, हे तू पत्रात सहज म्हणून लिहितेस. मला ते सहज वाचता येत नाही.

गेल्या आठवड्यात मी नर्सबाईंच्या घरी गेलो, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “माझं हाड जुळलं हो कधीच. तुम्ही बाईंना सांगा आधी. तीन वर्षं काय करत होतात?”

घाबरत होतो. तू मला सायकल शिकवलीस, शाळेत माझ्यासाठी भांडलीस. तुझ्या नजरेतून उतरायची भीती वाटली, म्हणून तुला तुझ्याच नजरेतून उतरू दिलं. याची माफी मागायचीही लाज वाटते, पण मागतो.

जीप तयार आहे. टायर उंच, अरुंद. पुढचा अ‍ॅक्सल बदलला, आता दोन्हीकडे एकोणपन्नास. पण माझ्या मोजण्यावर विसंबू नकोस. पाकिटात खडूचा तुकडा ठेवलाय. ये आणि स्वतः मोज. मी ढकलतो.

मग विकायची तर खुशाल वीक. फक्त आपल्याला चालवता येत नाही म्हणून विकू नकोस. तुला येतं, ताई. त्या दिवशीही येत होतं.

सीट अजून तुझ्याच मापाला आहे. मी ती हलवलेली नाही.

मोजून झाल्यावर त्याच उतारावर तुझ्या शेजारी बसायला तयार असलेला,
तुझा खुडबुड्या