खारग्रहाची बोली कोणाची

मी, दिपिका हरेश मढवी, वय त्रेपन्न, राहणार पनवेल, व्यवसाय घरकाम व विज्ञानकथालेखन (वकिलांनी पहिलाच व्यवसाय लिहिला होता, दुसरा मी हाताने घातला), पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणताही आजार नाही. उलट गेल्या मंगळवारपासून मी इतकी खूश आहे की दोनदा दूध उतू गेलं.

कारण असे की, सव्वीस वर्षं दिवाळी अंकांत लिहिल्यावर माझी पहिली कादंबरी पुस्तकरूपाने येते आहे. नाव 'खारग्रह'. करारात वारसाचा रकाना आहे. वकील म्हणाले, लेखक गेल्यावरही साठ वर्षं पुस्तकाचा हक्क वारसांकडे राहतो. मी जन्मभर भविष्य मनाने रचत आले आणि इथे कायदाच मला साठ वर्षांचं भविष्य देतो आहे. वकिलांच्या जिन्यातूनच मी घरी फोन केला.

एक. राहत्या फ्लॅटमधला माझा अर्धा हिस्सा माझे यजमान हरेश यांना. "काय, उडालं का यान? मग भात लाव," असं ते मला रोज म्हणत आले, त्याबद्दल माझी तक्रार कायम आहे. पण पळस्प्याच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसातून पाठकोरे कागद त्यांनीच न चुकता आणले. माझ्या प्रत्येक ग्रहामागे ट्रकचे नंबर आहेत.

दोन. टेस्टर, पक्कड आणि सोल्डरिंग गन कन्या प्रांजल हिला. ती खारघरला इंजिनिअरिंग शिकते, पण फ्यूज अजून मीच बदलते. ही हत्यारं माझ्याकडे आली ती शेजारच्या चारुतामुळे. "तुम्ही सायन्सचं लिहिता ना?" म्हणत तिने बंद पडलेला मिक्सर आणून ठेवला. नाही म्हणवेना, म्हणून शिकले. पुढे अख्ख्या बिल्डिंगचे मिक्सर मीच उघडले. चारुताने माझी एकही कथा वाचलेली नाही. सबब, सर्व दिवाळी अंकांचा गठ्ठा तिला द्यावा, आणि वाचल्याशिवाय तिने तो रद्दीत घालू नये.

तीन. जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा कोपराही प्रांजलला. अकरा ते साडेबारा मी तिथे लिहायला बसते. त्या वेळात मला कोणी 'सुरी कुठंय' असं विचारू नये, असा नियम होता. तो कोणीही पाळला नाही. माझ्या यानाची कॅप्टन दर प्रकरणात एकदा सुरी शोधते, ती यामुळे.

चार. खरी अडचण इथे आहे. खारग्रहावर सगळीकडे मिठागरं आहेत आणि तिथले जीव वेगळीच बोली बोलतात. संपादक मनिषाताई नागपूरकडच्या. त्यांनी फोनवर विचारलं, "अहो, ही भाषा घडवली तरी कशी तुम्ही? व्याकरणसुद्धा पक्कं आहे." मी हुरळले होते. "जमली हो," म्हणून मोकळी झाले. आता करारात वाक्य आलंय की बोलीसह सर्व मजकूर लेखिकेची स्वतंत्र निर्मिती आहे.

ते खोटं आहे. ती बोली माझ्या सासूबाई कृष्णाबाई यांची. दहाव्या वर्षापासून त्यांनी मिठागरात काम केलं. मी शाळामास्तरांची मुलगी, माहेरी शुद्ध बोलायचा दंडक. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचे शब्द वहीत उतरवत गेले, आणि घरी पाहुणे आले की आम्ही सगळे त्यांनाच सांगायचो, "आई, जरा नीट बोला." याची मला लाज वाटते. म्हणून पुस्तकाचा अर्धा हक्क मी सासूबाईंना देते, उरलेला अर्धा प्रांजलला. वकील म्हणाले, एकोणऐंशी वर्षांच्या बाईंना कोणी वारस करतं का? मी करते. हे कलम मी आज त्यांना वाचून दाखवणार आहे. त्या नको म्हणाल्या तर पुस्तक मागे घेईन. त्यांची बोली काढली तर ग्रह मुका होईल.

वाचून दाखवलं. त्या ओट्यापाशी सुका जवळा निवडत होत्या.

"म्हंजे तिकरची लोकां माज्यावानी बोलतान?"

"हो आई."

"सगली?"

"सगळी. त्यांची राणीसुद्धा."

त्यांनी निवडलेला जवळा डब्यात भरला. मग म्हणाल्या, "आन पावन्यांसमोर मना गप बसवता."

मी त्यांची माफी मागितली. आधीच मागायला हवी होती.

"वाटा नको मना," त्या म्हणाल्या. "साक्षीला कोन हाय?"

मी म्हटलं, ज्याला वाटा मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील सांगतात.

"मंग वाटा काट. साक्षीदार मी."

सबब कलम चारमधील अर्धा हक्क रद्द. पुस्तकाचा संपूर्ण हक्क प्रांजलला, अट एवढीच की साठ वर्षांत त्या बोलीतला एक कानामात्राही कोणी बदलू नये. करारातलं ते वाक्य मी आत्ताच खोडलं आणि मनिषाताईंना फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आईंशी बोलता येईल का?" हे लिहीत असताना दोघी गेली चाळीस मिनिटं बोलताहेत. माझा फोन मला परत मिळेल असं दिसत नाही.

ठिकाण: पनवेल
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

सही: दिपिका हरेश मढवी

साक्षीदार १: प्रणित घरत, शेजारी. सही.

साक्षीदार २: कृष्णाबाई मढवी. डाव्या हाताचा अंगठा. निवेदन, त्यांनी सांगितलं तसंच उतरवलं आहे:

"दिपिकानं सही केली ती मी बगली. बोलनं माजं हाय. ता मी माज्या सुनेला दिलंय. मराची वाट नाय बगली."