वीसपैकी चारच बोंडं

प्रिय सुमनताई,

तू गेलीस हे मला चार महिन्यांनी कळलं. मध्ये तीनदा सिमकार्ड बदललं, हार्वेस्टरबरोबर पार पंजाबपर्यंत गेलतो, मग आपल्या शाळेतल्या प्रकाशदादाचा फोन लागणार कसा? लागला तेव्हा त्यानं आधी झापलं, मग तुझी बातमी सांगितली, आणि मग विचारलं, "पोरांले घेऊन बोंडं मोजायले येतं काय? दोन्ही वर्ग मी एकटा कसे सांभाळू?"

म्हणून आलोय. उद्या सकाळी वावरात जायचंय. त्याआधी तुझ्याशी बोलणं भाग आहे, कारण याच कामात मी तुला एकदा फसवलंय.

तुला 'तू' म्हणायची सवय सुटत नाही. आपल्या शाळेची रीतच ती. माझ्या आईला केवढा राग यायचा. "मास्तरणीले तू म्हन्ते. हे कोनतं शिक्षन होय?" तू हसून म्हणालीस, "मावशी, मग तुम्हीबी मले तूच म्हना." त्यानंतर आई तुझ्याशी बोलायचं असलं की निरोप माझ्याकडे द्यायची, म्हणजे तू की तुम्ही हा प्रश्नच नको.

काय शाळा होती ती. दारव्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर टिनाच्या दोन खोल्या, छत्तीस पोरं, मार्क नाहीत, नंबर नाही. दहावी बाहेरून द्यायची, सतरा नंबरचा फॉर्म भरून. तोपर्यंत गणित वावरात, भूगोल जिनिंगच्या फाटकाशी. प्रगतिपत्रकावर आकड्यांऐवजी तुझी दोन ओळींची चिठ्ठी. माझ्यावर लिहिलं होतंस, "लक्ष पळतं. येताना काहीतरी घेऊन येतं." घरी वाचून दाखवलं तर बाप म्हणे, "हे पास हाय का नापास?"

बोंडअळीच्या वर्षी मी आठवीत होतो. आख्ख्या जिल्ह्यात कापसाची पऱ्हाटी किडत चालली होती, आणि तू शेकडेवारी शिकवायला तीच घेतलीस. एकेका वावरात वाकडंतिकडं फिरायचं, वीस झाडं, प्रत्येकाचं एक हिरवं बोंड फोडायचं. दोन किडकी निघाली तर शेकडा किती? दहा. मग तो आकडा आठवडी बाजारात फळ्यावर लिहायचा, म्हणजे ज्याचं वावर त्याला कळेल, आताच सापळे लावायचे की थांबायचं.

माझ्याकडे नामदेवकाकांचं वावर आलं. चिखल चिकट होता. वावराच्या कडेला, धुऱ्यावर उभ्याउभ्या चार बोंडं फोडली, चारही चांगली. तेवढ्यात पिल्लं घेऊन एक मुंगूस आडवं गेलं. तीन पिल्लं, ताई, एकामागे एक. मी त्यांच्यामागे नाल्यापर्यंत. परतलो तेव्हा पोरं फळ्यापाशी रांगेत उभी होती. मी लिहिलं, वीसपैकी शून्य.

काका निश्चिंत राहिले. पंधरा दिवसांनी त्यांची बोंडं फोडली तर आत सगळी गुलाबी वळवळ. दुसरी वेचणी किडकी निघाली.

पुढच्या बाजारात तू फळ्यासमोर उभी राहिलीस. "नामदेवभाऊ, मोजण्यात चूक झाली. चूक शाळेची हाय." कोणीतरी ओरडलं, "पोरांले पुस्तकं द्या ना, ताई, अळ्या कायले देता?" लोक हसले. मी सोडावाल्याच्या गाडीमागे उभा होतो. पाय पुढे निघालेच नाहीत. दहावीचा फॉर्म भरला, पेपरांच्या आधी पळालो, आणि मग पळतच राहिलो. लोक विचारत, एका जागी काहून टिकत नाहीस? मी म्हणायचो, आवड आहे फिरायची. ती आहेच. पण गावाकडची गाडी पकडायची वेळ आली की दर वेळी दुसरीच गाडी कशी आवडायची?

आज दुपारी काकांकडे गेलो. एका दमात सांगून टाकलं. ते तूर निवडत होते, हात थांबला नाही.

"बोंडं किडकी निघाली तवाच मले मालूम झालं. वाळल्या चिखलात तुह्या चपलेचे ठसे धुऱ्याच्या आत आलेच नव्हते, बाबू."

"मग बोलले काहून नाही?"

"बोललो ना, बाजाराच्या आधीच, तुह्या ताईले. ते म्हने, थांबा भाऊ, तो सोता सांगन." मग सूप झटकत म्हणाले, "लयच थांबलो पन आमी."

म्हणजे तुला माहीत होतं. माहीत असून बाजारात सगळ्यांची बोलणी तू खाल्लीस? नंतर रोज माझ्या शेजारी बसून भागाकार तपासलेस, आणि एकदाही विचारलं नाहीस? एवढा धीर बरा नाही, ताई. एक कान पिळला असतास तर मी निदान तुझ्यासमोर रडलो असतो.

काका मात्र आज मला जेवू घातल्याशिवाय सोडायला तयार नव्हते. वांग्याची भाजी दोनदा वाढली आणि दोन्ही वेळा विचारलं, "मोजून खाल्ली ना?"

ऐक. उद्या सहा पोरं माझ्यासोबत असतील. पऱ्हाटीच्या पार मध्यापर्यंत मी पुढे चालीन, आणि वीस म्हणजे वीस. परवा बाजारात त्यांचे आकडे वाचण्याआधी मी माझा जुना आकडा पुन्हा फळ्यावर लिहून खोडीन आणि कोणी खोटा लिहिला ते नाव घेऊन सांगीन. काका म्हणतात ते पुढेच बसणार आहेत, हसायला. हसू देत. या वेळी मी गाडीमागे नसेन.

तुझा,
गजू