ढोल्या नेमका कोण?

तीर्थरूप दादा,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, मांडीवर दीड मीटर खोटी फर पसरली आहे आणि तोंडात तीन टाचण्या आहेत, उठले तर काही खरं नाही). तुझी तब्येत कशी आहे? गुडघा अजून कुरकुरतो का? वहिनीची कंबर आता कशी आहे? तिला म्हणावं, खुर्चीत पाठीशी उशी घेऊन बसत जा, आणि दादा 'काही होत नाही' म्हणाला तर मुळीच ऐकू नकोस. त्याला कुणाचंच कधी काही झालेलं दिसत नाही. इकडे आम्ही सगळे ठीक. आमचे हे मजेत आहेत. ते मजेत असतातच, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

पत्राला तसं काही कारण नाही. मैदानाचा विषय मी काढणार नाही, घाबरू नकोस. फायनलच्या शेवटच्या मिनिटाला तो चेंडू तुझ्या दोन पायांमधून गेला त्याला आठ वर्षं झाली, तेव्हापासून तू मैदानात पाऊल टाकलेलं नाहीस, माझ्याकडे आलास तरी मैदान लागू नये म्हणून अख्ख्या बाजाराला वळसा घालून येतोस, हे सगळ्या गावाला माहीत आहे आणि कोणी अवाक्षर काढत नाही. मीही काढत नाही. मला फार वाईट वाटतं, एवढंच. पण आजचा विषय तो नव्हेच. आजचा विषय ढोल्या.

ढोल्या, म्हणजे आपल्या हॉकी टीमच्या शर्टावर डाव्या बाजूला फतकल मारून बसलेला तो गुबगुबीत प्राणी. तो तू चौदा वर्षं छातीवर वागवलास, तेव्हा तुला त्याची ओळख करून द्यायला नको. पण थांब, मला एक सांग, तो कोणता प्राणी आहे? बघ, अडलास ना? आम्हीही तिथेच अडलो. यंदा लीगवाल्यांनी सगळ्या टीमना एक फॉर्म पाठवला. लोगो कसला आहे, जर्सीचा रंग कोणता आणि मॅस्कॉट कोण (म्हणजे भलंमोठं मुंडकं घालून मैदानाच्या कडेला नाचणारा तो इसम), हे महिनाअखेरच्या आत लिहून द्यायचं. नाही दिलं तर टीमनं कोऱ्या पांढऱ्या शर्टात खेळायचं. सेक्रेटरी (आपले औषधाच्या दुकानवाले, अजूनही कुणी सर्दी म्हटलं की तीन गोळ्या सांगतात) सभेत फॉर्म घेऊन बसले, पेनाचं टोपण काढलं, आणि 'लोगोत प्राणी असल्यास त्याचे नाव' हे मोठ्यानं वाचून समोर बघत राहिले. समोर आम्ही तीसेक माणसं. सगळी त्यांच्याकडे बघत राहिली. पंखा तेवढा फिरत होता.

मग जो काही गोंधळ झाला म्हणतोस! पेनल्टीकाका (तेच रे, दोन्हींपैकी कुठल्याही टीमचा खेळाडू पडला की 'पेनल्टी!' म्हणून ओरडतात ते) म्हणाले, यात विचारायचं काय, पाणमांजर. मागून कोणीतरी म्हणालं, पाणमांजराला एवढे जाड पाय कुठून आले? काका म्हणाले, पोहून पोहून. अध्यक्षांवर भिस्त ठेवावी, तर अध्यक्ष म्हणजे गुरांचे डॉक्टर. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून शर्ट डोळ्यांशी धरला, उलटा केला, सुलटा केला, आणि निदान केलं की पुढचे पाय अस्वलाचे आहेत, तोंड मुंगसाचं आहे, मिशा मांजराच्या आहेत, शेपूट कोणाचंच नाही, आणि असा प्राणी त्यांच्याकडे आणला असता तर त्यांनी आधी मालकाला तपासलं असतं. बायकांच्या बाजूनं 'डुक्कर' असं दोनतीनदा ऐकू आलं, पण उभं राहून म्हणायला कोणी तयार होईना. सेक्रेटरी म्हणाले, आपण 'ढोल्या' असंच लिहू. त्यावर डॉक्टर म्हणाले की मग कंसात 'जात अज्ञात' लिहावं लागेल, आणि समोरच्या टीमला ओरडायला आयतं कोलीत मिळेल.

प्राणी बाजूला ठेवून रंगाकडे वळावं म्हटलं तर तिथे त्याहून कहर. चार शर्ट टेबलावर मांडले आणि चारांचे चार रंग निघाले. पुरुष मंडळी करडा म्हणत होती. मी आपलं माझ्या दोऱ्यांच्या रिळांचा डबा उघडून एकेक रीळ त्यांच्यापुढे धरलं आणि म्हटलं, करडा नाही, याला गुलाबी म्हणतात. सगळी पुरुष मंडळी शर्ट सोडून छताकडे बघायला लागली, जसं काही मी कोणाचं गुपित फोडलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, त्यांच्या दुकानात याच रंगाचा एक साबण आहे आणि त्यावर लव्हेंडर लिहिलंय, तेव्हा लव्हेंडर लिहू या. पेनल्टीकाका ताडकन उठले आणि म्हणाले, चाळीस वर्षं मी साबणासाठी घसा फोडलेला नाही. सभा तिथेच संपली.

आता तुला माहीत आहे, मला एकदा एखादी गोष्ट डोक्यात शिरली की ती उसवल्याशिवाय चैन पडत नाही. घरी येऊन मी विचार करत बसले की असं झालं कसं? तर आपल्याकडे नवे शर्ट शिवायची पद्धत काय, दादा? शिंप्याला नमुना द्यायचा. नमुना कोणता, तर कॅप्टनचा मागच्या वर्षीचा शर्ट. का, तर तो मानाचा! म्हणजे वर्षभर घामात भिजलेला, उन्हात वाळलेला, दगडावर आपटलेला. त्याच्या रंगाला रंग जुळवायचा, त्याच्या चित्रावरून चित्र भरायचं. पुढच्या वेळी या नव्याचा जुना झाला की त्याच्यावरून पुढचा. आधीचा शिंपी असंच करत आला आणि गेली बारा वर्षं मीही अगदी इमानेइतबारे तसंच करत आले. म्हणजे दर खेपेला रंग थोडा विटका, चित्र थोडं वेडंवाकडं. अजून पाचसहा खेपा गेल्या असत्या तर आपण आपोआप पांढऱ्यावर आलो असतो आणि लीगवाल्यांना धमकी द्यायची गरजच उरली नसती.

मग मी सगळ्यात जुना शर्ट शोधायच्या मागे लागले. तो निघाला डॉक्टरांच्या घरी. त्यांचे वडील पहिल्या टीममध्ये होते, त्यांच्या ट्रंकेत तळाशी, डांबरगोळ्यांमध्ये. डॉक्टर देईनात. उसवणार नाही ना, असं चारदा विचारलं. मी चारही वेळा नाही म्हटलं आणि घरी येऊन पहिल्यांदा काखेतली शिवण उसवली (परत शिवून दिलीय, त्यांना ओळखता आलं तर माझं नाव बदल). तर काय सांगू! शिवणीच्या आत, जिथे कधी ऊन लागलं नाही, तिथे बोटभर रुंदीचा गडद जांभळा. इतका सुंदर रंग, दादा, की मी ह्यांना हाक मारून दाखवला. हे म्हणाले, छान आहे, जेवायला कधी बसायचं?

मग चित्राची उलटी बाजू बघितली. सुलट्या बाजूचे टाके झिजतात, पण मागचे दोरे बऱ्यापैकी शाबूत राहतात, ते बघून भरणाऱ्यानं आधी काय भरलं आणि नंतर काय, ते आम्हाला कळतं. ढोल्याच्या त्या दोन जाड पायांवर मागून आडव्या रेघा होत्या. एकेका पायावर तीन तीन, नीट अंतरावर, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला एक बारीक चौकोन. मी भिंग घेतलं. कुठल्या प्राण्याच्या पायाला बक्कल असतं? मला काही उलगडेना. शेवटी शर्ट पिशवीत घातला आणि तडक म्हाताऱ्या पेंटरकडे गेले, ज्यांनी टीमची पहिली पाटी रंगवली होती (शर्टावरचं चित्र तिच्यावरूनच आलं). आता ते लेकीकडे असतात, खिडकीशी खुर्ची टाकून. दिसतं बेताचं, पण डोकं एकदम शाबूत. मी शर्ट हातात दिला आणि विचारलं, आजोबा, हा प्राणी कोणता? त्यांनी आधी शर्टावर बोटं फिरवली, मग माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता शिव्या पडणार. म्हणाले, "प्राणी कसला? गोलकीपर आहे तो! पाटी लहान होती, म्हणून खाली बसवला."

दादा, गोलकीपर! ते जाड पाय म्हणजे पॅड. ते मुंगसाचं तोंड म्हणजे टोपीचं पुढे आलेलं टोक. ते कोणाचंच नसलेलं शेपूट म्हणजे मागे धरलेली स्टिक. चांगला वाकून, दोन्ही डोळे चेंडूवर लावून बसलेला माणूस, त्याचं आम्ही एकावर एक नक्कल करत करत अस्वल केलं. आणि आता कबूल करून टाकते, मिशा माझ्या आहेत. पहिल्याच वर्षी माझ्या नमुन्यावर हनुवटीच्या पट्ट्याचे दोरे सुटून दोन्हीकडे उभे राहिले होते, मला वाटलं मिशा, मी त्या छान ताणून भरल्या. त्याच मिशा घालून तू ती फायनल खेळलास. तेव्हा कोणी विचारलं तर सांग, निदान मिशांची चूक तुझी नव्हती.

घरी येताना मी रिक्षात रडले, खोटं कशाला सांगू. तुला आठ वर्षं वाटतंय की त्या मैदानात गोलकीपरला कोणी उभं करणार नाही. आणि तिथे चाळीस वर्षं, तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, प्रत्येक जण ज्याच्या नावानं घसा फोडतोय तो गोलकीपरच आहे. कुणाला ठाऊक नव्हतं इतकंच. रिक्षावाल्यानं विचारलं, बाई, काय झालं? मी म्हटलं, आमचा ढोल्या माणूस निघाला. त्यानं रिक्षा जरा जोरात पळवली.

दुसऱ्या सभेत मी सगळं सांगितलं, भिंग फिरवलं, रेघा दाखवल्या. पेनल्टीकाकांनी भिंग दोनदा मागून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे मी इतकी वर्षं एका माणसाला पाणमांजर म्हणत होतो, त्याला काय वाटलं असेल? एका बाजूचं म्हणणं, आता माणूस परत आणा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, माणूस परत आणलात तर आमच्या ढोल्याचं काय, आम्ही लहानपणापासून त्याला जीव लावलाय. दोन तास खडाजंगी झाली, दोघांनी राजीनामे दिले आणि चहा आल्यावर परत घेतले. शेवटी ठरलं ते असं: रंग जांभळा. लोगोत ढोल्याच, पण पायाला पॅड आणि पॅडला बक्कल. फॉर्ममध्ये 'प्राण्याचे नाव' इथे सेक्रेटरींनी लिहिलं, 'गोलकीपर'. लीगच्या ऑफिसातून अजून उलट टपाली उत्तर आलेलं नाही, त्यांनाही विचार करायला वेळ लागत असेल.

मॅस्कॉटचा पोशाख शिवायचं काम अर्थात माझ्याच गळ्यात पडलं, त्याचीच ही फर. मुंडकं कपाटावर ठेवलंय, हे रोज सकाळी दचकतात. आत कोण शिरणार यावरही बरीच चर्चा झाली, ती सगळी लिहीत बसत नाही, आधीच पत्र लांबलं. वहिनीला नमस्कार. गुडघ्याला तेल लाव. पत्राचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं मी दर वेळी म्हणते आणि तू दर वेळी ते खरं धरतोस.

तुझी धाकटी

ता. क. पोशाख ह्यांना घालून बघितला. ह्यांच्या अंगावर तो गादीच्या खोळीसारखा लोंबतो. सध्याच्या गोलकीपरला बसला असता, पण तो गोलमध्ये लागतो. डॉक्टरांचं म्हणणं, ढोल्या उभा राहून नाचला तर तो ढोल्याच नव्हे, तसा वाकून बसता आलं पाहिजे, आणि तसं बसणारा त्यांनी आयुष्यात एकच माणूस बघितलाय.

ता. क. २. मापं मी वहिनीकडून फोनवर घेतली. तिच्यावर रागावू नकोस, मी तिला स्वेटर विणतेय म्हणून सांगितलं होतं. पोट जरा वाढलंय तुझं, ते या कामाला चांगलंच आहे.

ता. क. ३. पहिली मॅच येत्या शनिवारी चार वाजता. मुंडक्यातून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून आतलं काही दिसत नाही, मी स्वतः घालून आरशात पाहिलंय. आत कोण आहे हे आपल्यापैकी कोणालाही माहीत नाही, असा ठराव सभेनं मंजूर केला. सूचक पेनल्टीकाका. तीसच्या तीस हात वर झाले होते, दादा. ये.