साखर दोऱ्याचा रंग खाते

प्रिय शंकासुरा,

तुझा फोन ठेवला आणि चार दिवस मी धुमसत होते. यंदाही यायला जमणार नाही, हे तू अर्ध्या मिनिटात उरकलंस आणि पुढची दहा मिनिटं गुडघ्याला कुठलं मलम लावायचं ते मला शिकवत बसलास. सात वर्षं झाली तुला घरी येऊन. मलमाने गुडघा बरा होईल रे, पण जिन्यात पाऊल वाजलं की माझं लक्ष दाराकडे जातं, त्याला काय लावू? असो. आज राग उतरलाय म्हणून लिहायला बसले. फोनवर हे सांगायला माझी जीभ रेटली नसती.

खालच्या मजल्यावर नवे भाडेकरू आलेत. त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी गेल्या महिन्यात माझ्याकडे दोरा मागायला आली. शाळेने घरी साखरेचे स्फटिक वाढवायला सांगितले होते आणि आई कामावरून येईपर्यंत तिला धीर नव्हता. मग काय, मीच उठले. पाणी उकळलं, साखर विरघळेनाशी होईपर्यंत घालत राहिले, पाक काचेच्या बरणीत ओतला, तोंडावर पेन्सिल आडवी ठेवून दोरा आत सोडला. तुम्हाला हे कसं येतं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, मला एक भाऊ आहे, फार डोकं खायचा.

तुझी बरणी आठवते ना? तू नऊ वर्षांचा, मी वीसची. आई दिवसभर कारखान्यात. आपली एकच खोली आणि एकच खिडकी. खिडकीखाली माझं शिवणाचं मशीन, खिडकीच्या कट्ट्यावर तुझी बरणी. आत सोडलेला दोरा माझाच, काजं करायचा निळा, न विचारता लांबवलेला. मशीन चाललं की कट्टा थरथरायचा आणि त्याबरोबर पाकही. बरणी हलली तर खडे नीट धरत नाहीत असं तुझ्या बाईंनी सांगितलं होतं, म्हणून तू मला आठवडाभर मशीन बंद ठेव म्हणालास. मी पोट धरून हसले. गणवेशांचा ढीग पडला होता माझ्यापुढे! तू शाळेतून यायचास तो दप्तरासकट बरणीपाशी. दोऱ्यावर काहीच नसायचं. तुझं तोंड एवढंसं व्हायचं, पण मशीनचं नाव पुन्हा काढलं नाहीस.

आता ऐक. चौथ्या दिवशी तू शाळेत असताना मी घाईघाईत कापड ओढलं आणि बरणी खाली आली. काचा, पाक, आणि पाच मिनिटांत मुंग्या. मी तशीच वाण्याकडे पळाले आणि खडीसाखर आणली, ती दोऱ्यावर धरलेली असते ना, ती. त्यातला सगळ्यात मोठा खडा निवडला, त्याच्या दोऱ्याला तुझ्या निळ्या दोऱ्याचं टोक गाठ मारून बांधलं आणि तशाच दुसऱ्या बरणीत नवा पाक गार करून त्यात सोडला. तू आलास आणि आनंदाने इतका ओरडलास की शेजारीण धावत आली. मग नाक काचेला लावलंस आणि विचारलंस, वर निळा असलेला दोरा खाली पांढरा कसा झाला? दिवसभर गिऱ्हाइकांच्या कापडाला दोरे जुळवणारी मी, आणि नेमका तेवढाच दोरा जुळवायचा विसरले! तोंडाला आलं ते ठोकून दिलं, साखर दोऱ्याचा रंग खाते. तू ते वहीत लिहिलंस, खाली रेघ मारून.

त्यानंतर माझं एकही रीळ तू सोडलं नाहीस. लाल, हिरवा, पिवळा, सगळे दोरे पाकात बुडाले. मग रंगांची पुस्तकं, मग रसायनशाळा, मग रंगाच्या कारखान्यातली नोकरी, तीही समुद्रापलीकडे. भावाला एवढ्या लांब कसं जाऊ दिलंस, असं लोक विचारतात. हुशार आहे तो, असं मी म्हणते. पण ती गाठ माझ्या हातची होती, हे मला माहीत आहे.

तीस वर्षं रंगांत काढलेल्या माणसाला माझी लबाडी कळली नसेल, हे मला पटत नाही. मग कधी बोलला का नाहीस? मला वाईट वाटेल म्हणून? आपण दोघंही एकमेकांना इतकं जपत राहिलो की आता मलमाशिवाय बोलायला काही उरलेलं नाही.

त्या मुलीची बरणी शाळेत गेली. तिच्याबरोबर मी स्वतःचीही एक लावली होती, त्याच कट्ट्यावर. मशीन दोन वर्षांपूर्वीच बंद केलं, आता या खोलीत काहीच हलत नाही. आज चोविसावा दिवस. कोटाच्या बटणाएवढा खडा धरलाय, आणि त्यातला दोरा वरपासून खालपर्यंत निळा आहे. तू रागावशील म्हणून पंचेचाळीस वर्षं मी तोंड मिटून बसले. आता वाटतं, रागावच. फोनवर मलमाची चौकशी होते, भांडण होत नाही. त्यासाठी समोर यावं लागतं. तेव्हा ये आणि कडकडून भांड माझ्याशी. तोवर मी बरणीला हात लावत नाही.

तुझीच,
खोटारडी ताई