वाघांसमोर सांगायची बातमी

४ फेब्रुवारी, बुधवार

जेवताना बायको म्हणाली, रविवारी सगळ्यांनी वाघ बघायला जायचं. झालं! म्हणजे घरात काहीतरी शिजतंय.

आमच्या घराची ही रीतच आहे. अवघड बातमी मला घरात कधीच सांगत नाहीत. चारचौघांत मला ओरडता येत नाही, हे यांना पक्कं ठाऊक. म्हणून आधी सहलीला न्यायचं, पोटभर खायला घालायचं आणि मग हळूच सांगायचं. सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला येणार हे मला नावेत बसवून सांगितलं, तळ्याच्या अगदी मधोमध. मला पोहता येत नाही. वरच्या खोलीची भिंत पाडायची आहे हे एका बागेत कळलं, तेव्हा ती पाडून झाली होती.

आणि आता थेट वाघ! सर्कशीतून आणि कुणाकुणाच्या पिंजऱ्यातून सोडवलेले वाघ, सिंह, बिबटे तिथे म्हातारपण काढतात म्हणे. जागेवरून बातमीचा अंदाज येतो. ही बातमी तळ्यापेक्षा मोठी आहे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कवळीचे पुढचे दात मेणात बसवत होतो, उजवा हात पुन्हा थरथरला. एक दात तिरका बसला. ठकीच्या लक्षात यायच्या आत तो काढला आणि मेण भिकार आलंय म्हणून मेणवाल्याला शिव्या घातल्या. मागच्या आठवड्यात खुर्चीवर खापर फोडलं होतं, त्याआधी चहावर. आता दोष द्यायला माझ्या दातांच्या लॅबमध्ये वस्तू उरलेल्या नाहीत.

डॉक्टर म्हणालेत, हे आता बरं व्हायचं नाही, हळूहळू वाढत जाईल. कुणालाच सांगितलेलं नाही. इथे लिहायला हरकत नाही, कागद विचारपूस करत नाही.

ठकी म्हणजे माझी मुलगी. नाव वेगळं आहे, पण लहानपणापासून घरादाराला गंडवत आली म्हणून ठकी. लॅबमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. तिला हे कधी बोललो नाही, डोक्यात जाईल. बेत असा आहे की उन्हाळ्यात लॅब तिच्या हवाली करायची. मी दारात बसून नुसत्या गप्पा हाणायच्या. दारावरची नवी पाटीसुद्धा रंगवायला टाकलीये — तिचं नाव वर, माझं खाली. पेंटरला तोंड बंद ठेवायला सांगितलंय.

म्हणजे ठकी इथेच हवी. बाकी बातमी कसलीही असो, आणखी एखादी भिंत पाडा, माझं काही म्हणणं नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

बायको गुणगुणत भांडी लावत होती. लक्षण ठीक नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

आज सासूबाईंना गाठलं. त्यांची कवळी मीच केलेली. खालची हिरडीला टोचते म्हणून त्या कधीच्या कुरकुरत होत्या. म्हटलं, द्या, घासून देतो. कवळी हातात आली तशी मी ती खिशात टाकली आणि म्हटलं, आधी उद्याचं काय ते सांगा.

बोळक्या तोंडाने त्यांनी माझा जो उद्धार केला त्यातला निम्मा कळलाच नाही. बराच वेळ आमची रस्सीखेच चालली. त्या लेकीला हाका मारायला बघत होत्या, पण हाकही नीट उमटेना. शेवटी डब्यातली कडक बिस्किटं समोर ठेवली आणि मी एक कुरुमकुरुम खाऊन दाखवलं. तेव्हा कुठे त्या वळणावर आल्या.

तिथे एक उंच, दाढीवाला माणूस आहे. वाघांना खायला घालतो. रोज संध्याकाळी ठकीला त्याचा फोन येतो, आणि ठकी आता तिकडे जाणार आहे. एवढंच बोलल्या आणि कवळी मागितली. मी मुकाट्याने घासून दिली. ती घालून त्या जे हसल्या ते मला मुळीच आवडलं नाही.

जावई! वाघांचा आचारी माझा जावई! ठकी लग्न करून तिकडे जाणार आणि मी इथे हा हात घेऊन बसणार. मला घाम फुटला, खरंच सांगतो. मग म्हटलं, गप्प बसायचं नाही. माणूस दातांवरून कळतो. उद्या त्याला असं काही खोदून विचारतो की ठकीच म्हणेल, बाबा, नको हा.

८ फेब्रुवारी, रविवार

गाडी ठकीने चालवली. बायको पुढे, मी आणि सासूबाई मागे, आमच्यामध्ये डबे. वाटेत तिघींपैकी एकही माझ्याशी भांडली नाही. एवढी शांतता आमच्या घरात नसते.

फाटकावर मोठी पाटी: प्राण्यांना त्रास होतो, मोठ्याने बोलू नये. ही जागा का निवडली ते तिथेच उमगलं. बायकोकडे बघितलं तर ती ढगांकडे बघत होती.

दाढीवाला आम्हाला घ्यायलाच उभा होता. ठकीला बघून त्याने हात हलवला, मला काका म्हणाला. मी हसलो, म्हणजे तोही हसेल. हसला. दात सरळ, हिरड्या चांगल्या, वरच्या एका दाताचा कोपरा उडालेला. जाळी लावलेल्या बसमध्ये मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसलो आणि तो कोपरा कशाने उडाला इथून सुरुवात केली. बाटलीचं झाकण दाताने उघडलं म्हणे. उतावळा स्वभाव, हे मनात टिपून ठेवलं. मग विचारलं, घोरता का? घरात कुणाला साखर आहे का? राग आला की भांडी आपटता का? स्वयंपाक येतो का, माणसांचा?

तो बिचारा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होता. घोरतो, पण कुशीवर झोपलं की नाही. आजोबांना साखर होती. भांडी आपटत नाही. वरण-भाताइतपत येतं. मध्येच बसमधल्या लोकांना बिबटे दाखवायचे आणि परत येऊन माझी परीक्षा द्यायची. ठकीने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला होता आणि तिचे खांदे हलत होते. बायकोने मला दोनदा चिमटा काढला. सासूबाई मात्र रंगात आल्या होत्या, त्यांनी मधूनच त्याला रास विचारली.

पहिल्या आवारात एक म्हातारी वाघीण बसली होती. सर्कशीत असताना गज चावून चावून तिने सगळे सुळे घालवलेत. तिला मांस बारीक चिरून देतात. ती एकेक तुकडा जिभेने उचलून शांतपणे गिळत होती, घाई नाही की गुरगुर नाही. सासूबाईंनी तिच्याकडे बघत बघत जिभेने आपली कवळी चाचपली. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी नकळत उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

पुढे सिंह. झाडाखाली पसरलेला, आमच्याकडे ढुंकून बघेना. दाढीवाल्याने जाळीवर हलकेच टकटक केलं आणि त्या आळशाने मान वळवून अशी जांभई दिली की थेट घशापर्यंत दिसलं. वरच्या डाव्या सुळ्यावर उन्हाची तिरीप चमकली. धातूची टोपी!

तेव्हा सगळं आठवलं. मागच्या पावसाळ्यात एक प्राण्यांचा डॉक्टर लॅबमध्ये आला होता, सिंहाच्या तुटलेल्या सुळ्याला टोपी करून द्याल का म्हणून. मला वाटलं थट्टा करतोय. आमच्याकडे माणसांचे दात होतात, असं म्हणून मी त्याला वाटेला लावला होता. तो बाहेर पडला तशी ठकी मागोमाग गेली होती, दूध आणायला म्हणून. पिशवी न घेता.

‘हे तू केलंस?’ मी विचारलं. ती नुसती मान डोलावून सिंहाकडे बघत राहिली.

सिंहाने आणखी एक जांभई दिली म्हणून नीट बघता आलं. कड हिरडीला कुठे लागत नाही. टोपीचा उतार दुसऱ्या सुळ्याशी तंतोतंत जुळतो. मी आयुष्यभर माणसांच्या तोंडात काम केलं, त्यांना झोंबलं की ती सांगतात तरी. या गिऱ्हाइकाला विचारणार कोण? माझ्याकडून एवढं चोख झालं नसतं, हात धड होता तेव्हाही नाही. आणि ठकीचा चेहरा! लॅबमध्ये टेबलावर वाकलेली ठकी रोज बघतो, पण असा चेहरा तिथे एकदाही बघितलेला नाही. अभिमान वाटला आणि भीतीही, दोन्ही एकदम.

आवाराबाहेर बस थांबली तिथे झाडाखाली बाकं होती. डबे उघडले. माझ्या पुढ्यात उकडलेली अंडी, संत्री, आणि बायकोने स्वतःच्या वाटणीचा केकही माझ्याकडे सरकवला. म्हणजे बातमी आता येणार. ठकीने घसा खाकरला. मी म्हटलं, थांब, आधी मी बोलतो. इतक्या सहलींमध्ये पहिल्यांदाच यांच्या आधी मला कळलंय, ती मजा का सोडू?

दाढीवाल्यालाही बसवून घेतलं आणि सगळ्यांसमोर, पाटीला मान देऊन हळू आवाजात, म्हणालो, ‘मला सगळं कळलंय. मी तुमच्या आड येणार नाही. ठकीचा जीव इथे रमतो ना, मग तिने खुशाल इथे यावं. लॅबचं मी बघेन.’

हे बोलायला किती जड गेलं ते फक्त इथे लिहितो. शेवटच्या वाक्याला हात खिशात घातला होता.

मग दाढीवाला म्हणाला, ‘काका, माझं लग्न झालंय. दोन मुलं आहेत.’

ठकी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघायला लागली. ‘लग्न कुणाचं बाबा? मला नोकरी लागलीये इथे. प्राण्यांच्या दवाखान्यात, दातांच्या कामावर. आणि तुम्ही आत्ता हो म्हणालात.’

‘सगळ्यांसमोर,’ बायको म्हणाली.

मी तोंड उघडलं. समोर झाडावर तीच पाटी, मागे तो सिंह. तोंड मिटलं आणि संत्रं सोलायला घेतलं. सासूबाई मी करून दिलेले सगळेच्या सगळे दात दाखवत होत्या. रोजचे ते फोन सिंहाच्या दाताची खबर द्यायला होते. कालचं अर्धवट सांगणं म्हातारीने मुद्दाम केलं होतं, आता माझी खात्री आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

पेंटरकडे जाऊन पाटी थांबवली. तो म्हणाला, वरचं नाव रंगवून झालंय. म्हटलं, असू दे, गुंडाळून ठेव.

संध्याकाळी आवरताना ठकीने विचारलं, एकट्याला जमेल ना सगळं? हाताचं सांगण्याची याहून चांगली वेळ आली नसती. एक वाक्य बोललो असतो तर ती जन्मभर त्या टेबलावरून उठली नसती. म्हणूनच बोललो नाही. म्हटलं, तू फ्रॉकात नाचत होतीस तेव्हा कवळ्या काय आकाशातून पडायच्या?

१ मार्च, रविवार

ठकी गेली. तिकडेच खोली मिळालीये. जाताना माझं मेणकामाचं जुनं कोरणं चोरून नेलं. तिला वाटतं मला कळलं नाही. मीच ते तिच्या बॅगेजवळ ठेवलं होतं.

गाडी वळल्यावर रडलो. बायकोला सांगितलं, लॅबमधली प्लास्टरची पूड डोळ्यांत गेली. रविवारी!

१६ एप्रिल, गुरुवार

ठकीचा फोन. बिबट्याची दाढ काढायला मदत केली आणि मग भोवळ येऊन पडली. बिबट्या तिच्या आधी शुद्धीवर आला म्हणे. खूप हसलो.

तिच्या टेबलावर हल्ली मी बसतो. तिथला दिवा चांगला आहे. हाताला फरक पडत नाही. अवघड कामं दुसऱ्या लॅबकडे पाठवतो आणि बायकोला सांगतो, सध्या धंदा मंदा आहे. दाढी डाव्या हाताने करायला शिकतोय. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. सासूबाईंनी विचारलं, वाघाने ओरबाडलं का?

१३ जून, शनिवार

ठकीला तिकडे कायम केलं. कागद हातात पडल्याचं तिने स्वतः फोनवर सांगितलं. आता ती मागे फिरायची नाही.

रात्री जेवताना म्हणालो, उद्या सगळ्यांनी वाघांकडे जायचं. ठकी तिथे भेटेलच. डबा मी भरतो, केकसुद्धा आणलाय.

आमच्या घरात आजवर मी एकही सहल काढलेली नाही. सासूबाईंचा घास तोंडातच राहिला. बायकोने चमचा खाली ठेवला. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘काय सांगायचंय?’

‘तिथे गेल्यावर सांगतो,’ म्हटलं आणि उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला.